आवाज ठेवायचा कुठे?

मागच्या अंकात मी माझ्या ध्वनिसंग्रहाबद्दल ओझरतं लिहिलं होतं. त्यावर आलेली बरीचशी पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात: आवाजांची वर्गवारी करायची कशी? नाटकांसाठी आणि माहितीपटांसाठी आवाज जमवणं, जपणं आणि हवा तेव्हा हवा तो शोधून देणं हेच माझं रोजचं काम आहे, त्यामुळे या प्रश्नांवर लिहायला मला फार आवडतं. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे. बाकीच्या प्रश्नांची मुळं त्यातच आहेत.

प्रश्न : एका हौशी नाट्यसंस्थेचं ध्वनिसंयोजन मी सांभाळतो. वर्षानुवर्षं जमवलेली काही हजार रेकॉर्डिंग्ज आहेत. दार, पाऊस, वाहनं, प्राणी, माणसं असे फोल्डर केलेत. पण तालमीत दिग्दर्शक 'काहीतरी लांबट, धातूसारखं, अस्वस्थ करणारं दे' म्हणाला की मी नुसता शोधतच बसतो. माझे फोल्डर चुकीचे आहेत का?

उत्तर : फोल्डर बरोबर आहेत, पण ते एकाच प्रश्नाला उत्तर देतात: आवाज कशाचा? दिग्दर्शक विचारतोय, आवाज कसा? या विषयात माझं मुख्य सांगणं एवढंच आहे की 'कशाचा' आणि 'कसा' यांना एका रकान्यात कोंबू नका.

एकाच उगमाचे दोन आवाज घ्या. वीज जवळ कोसळली की कडकडाट होतो. तीच दूर पडली तर लांबलचक गडगडाट ऐकू येतो. विजेची वाट काही किलोमीटर लांब असू शकते. तिच्या वेगवेगळ्या भागांतून निघालेला आवाज दूरच्या माणसापर्यंत पुढेमागे पोचतो, आणि हवेतून येताना त्यातला उंच पट्टीचा भाग गळून जातो. रंगमंचावरच्या पात्राला दचकवायचं असेल तर कडकडाट लागतो. संकट येऊ घातलंय एवढंच सुचवायचं असेल तर गडगडाट. दोन्ही 'पाऊस-विजा' नावाच्या फोल्डरमध्ये शेजारी शेजारी पडून असतील, तर दर वेळी सगळ्या फाइली वाजवून बघण्यावाचून गत्यंतर नाही.

आता उलट बाजू. पावसाची जोरदार सर, भरलेल्या सभागृहातल्या टाळ्या, पेटलेल्या काटक्या. उगम तिन्हींचे वेगळे, पण डोळे मिटून ऐकलं तर क्षणभर गफलत होते, कारण तिन्हींत असंख्य बारीक आघात एकमेकांवर पडत असतात. जॉश मॅकडरमॉट आणि एरो सिमॉन्चेली या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये एक सुंदर गोष्ट दाखवली. पाऊस, ओढा, आग अशा आवाजांमधून त्यांनी फक्त काही सांख्यिकीय मापं काढली, त्या मापांवरून संगणकाने अगदी नवा आवाज रचला, आणि ऐकणाऱ्यांना त्यातले बरेच ओळखता आले. म्हणजे अशा आवाजात कान एकेक थेंब मोजत नाही. थेंबांच्या पसरणीचा पोत ऐकतो.

पिएर शेफेर या फ्रेंच रेडिओ अभियंत्याने 'कसा' या प्रश्नाचा जितका पाठपुरावा केला तितका क्वचितच कुणी केला असेल. १९४८ च्या सुमारास तबकड्यांवर काम करताना त्याने घंटेच्या नादाची सुरुवात, म्हणजे टोल पडतो तो क्षण, कापून टाकला. उरलेला नाद घंटेचा वाटेना, एखाद्या फुंकून वाजवायच्या वाद्यासारखा वाटू लागला. मग त्याने ऐकण्याची एक शिस्तच घालून घेतली: उगम विसरा, अर्थ विसरा, समोर आलेला नाद तेवढा ऐका. १९६६ च्या त्याच्या जाडजूड ग्रंथात या शिस्तीतून निघालेली वर्गवारी आहे. तिच्या बारकाव्यांत शिरण्याची तुम्हाला गरज नाही, पण तिचा पाया तालमीत रोज उपयोगी पडतो: आवाज एका ठोक्यात संपणारा आहे, पुन्हापुन्हा पडणारा आहे, की सलग चालणारा? त्याला नेमका सूर आहे, अंधुक सूर आहे, की सूर नाहीच? अंग गुळगुळीत आहे की खरखरीत? जाता जाता, घंटेच्या प्रयोगातला एक धडा तुमच्यासाठी: फाइल छाटताना सुरुवातीला कात्री लावताना जपा. आवाजाची ओळख बहुतेकदा त्या पहिल्या क्षणातच असते.

माझ्या संग्रहातलं सगळ्यांत जास्त मागणी असलेलं रेकॉर्डिंग एका गंजलेल्या फाटकाच्या बिजागरीचं आहे. फाटक म्हणून ते फार कमी वाजलं. जखमी जनावर, बुडू लागलेलं जहाज, झोपेत बरळणारा म्हातारा अशा जागी ते गेलं. 'फाटक' एवढ्याच नावाने ते ठेवलं असतं तर यातलं एकही काम त्याला मिळालं नसतं. 'कशाचा' या रकान्यात त्याची नोंद 'लोखंडी बिजागरी, सावकाश घासलेली' अशी आहे आणि 'कसा' या रकान्यात 'सलग, चढत जाणारा सूर, खरखरीत, करकर' अशी.

'कशाचा' लिहितानाही नुसती वस्तू लिहू नका, तिच्यावर काय घडलं तेही लिहा. विल्यम गेव्हर या संशोधकाने १९९३ मध्ये रोजच्या आवाजांची मांडणी याच धोरणाने केली. घन वस्तूंचे आवाज आपटण्याचे, घासण्याचे, घरंगळण्याचे, वाकण्या-चुरगळण्याचे. द्रवांचे थेंबांचे, ओतण्याचे, उसळण्याचे, तरंगांचे. वायूंचे झोताचे, वाऱ्याचे, स्फोटाचे. 'दार' या शब्दापेक्षा 'लाकडी दार, जोरात आपटलं' ही नोंद शोधताना दसपट उपयोगी पडते.

'कसा' या रकान्यासाठी शब्द कुठून आणायचे, असं तुम्ही विचाराल. आपल्याकडे नादानुकारी शब्दांची रेलचेल आहे, ते बिनदिक्कत वापरा: खणखण, टकटक, घरघर, सळसळ, करकर, खरखर, भणभण, चुळचुळ. फक्त कोणता शब्द कशासाठी, हे एका पानावर ठरवून ठेवा आणि संस्थेतल्या सगळ्यांनी तेच पान वापरा. मी 'घरघर' हा शब्द खालच्या पट्टीतल्या सलग, किंचित थरथरणाऱ्या आवाजासाठी राखून ठेवला आहे, मग तो यंत्राचा असो की मांजराचा.

'भीतिदायक', 'उदास' असे शब्द मी मुख्य रकान्यात घेत नाही. करकरणारी तीच पायरी भयनाट्यात अंगावर काटा आणते आणि फार्समध्ये हशा मिळवते. भाव प्रसंगाचा असतो. एखादा आवाज पूर्वी कुठे वापरला आणि तो कसा बसला, एवढी टीप मात्र शेवटी जरूर असावी.

आता फोल्डरचं बघू. फोल्डरमध्ये फाइल एकाच जागी राहू शकते, म्हणून त्याच्यावर अर्थाचं ओझं टाकू नये. माझे फोल्डर फक्त रेकॉर्डिंगच्या दिवसाप्रमाणे आहेत, बाकी सगळं नोंदवहीच्या रकान्यांत. फाइलच्या नावासाठी तयार पद्धत हवी असेल तर सिनेमाच्या ध्वनिसंकलकांनी २०२० मध्ये सर्वांसाठी मोफत खुली केलेली 'युनिव्हर्सल कॅटेगरी सिस्टिम' चांगली आहे. तिच्यात ऐंशीच्या वर मुख्य वर्ग आणि सातशेच्या वर उपवर्ग आहेत, आणि वर्गाचं संक्षिप्त रूप फाइलच्या नावाच्या अगदी सुरुवातीला येतं. ती प्रामुख्याने 'कशाचा' याच प्रश्नाची आहे. 'कसा' तुम्हालाच जोडावा लागेल.

हजारो फाइली एका दमात लावायला जाऊ नका. आधी फक्त ती माहिती लिहून काढा जी नंतर कितीही ऐकलं तरी परत मिळत नाही: कधी, कुठे, कोणता मायक्रोफोन, किती अंतरावरून, आणि हे मूळ रेकॉर्डिंग आहे की त्यावर काही प्रक्रिया झाली आहे. उरलेले रकाने एखादी फाइल कामासाठी उघडाल तेव्हा भरा.

प्रश्न : मी शाळेत संगीत शिकवते. पुस्तकात वाद्यांचे तंतुवाद्यं, फुंकवाद्यं आणि तालवाद्यं असे प्रकार आहेत. एका मुलीने विचारलं, 'पियानोत तारा आहेत पण त्यांवर हातोडे आपटतात, मग तो कशात?' मला समाधानकारक उत्तर देता आलं नाही.

उत्तर : त्या मुलीला शाबासकी द्या. तिने वर्गीकरणातली नेमकी भेग दाखवली आहे. 'तंतू' हे काय कंप पावतं त्याचं नाव, 'फुंक' हे कसं वाजवतात त्याचं आणि 'ताल' हे वाद्याचा उपयोग काय त्याचं. तीन कसोट्या एकत्र आल्या की पियानो दोन दारांत उभा राहणारच.

आपल्या नाट्यशास्त्रात कसोटी एकच आहे: कंप कशाला सुटतो? तार असेल तर तत, मढवलेलं चामडं असेल तर अवनद्ध, वाद्याचं घन अंगच वाजत असेल तर घन, आणि पोकळीतली हवा असेल तर सुषिर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयाचे प्रमुख व्हिक्टर-शार्ल माहियों यांनी आपल्या सूचीसाठी हीच चार घरं घेतली. कलकत्त्याच्या सौरींद्रमोहन टागोरांनी बेल्जियमच्या राजाला भेट दिलेली भारतीय वाद्यं त्या संग्रहालयाच्या आरंभीच्या ठेव्यात होती. पुढे १९१४ मध्ये एरिश फॉन हॉर्नबोस्टेल आणि कुर्ट झाक्स यांनी माहियोंच्या चौकटीला ग्रंथालयासारखे दशांश क्रमांक दिले. जगभरची वाद्यसंग्रहालयं आजही ती पद्धत वापरतात. विजेवर वाजणाऱ्या वाद्यांचा पाचवा वर्ग झाक्स यांनी १९४० मध्ये जोडला.

त्या पद्धतीत पियानोचा क्रमांक आहे ३१४.१२२-४-८. मुलीला तो फळ्यावर उलगडून दाखवा. पहिला ३ म्हणजे तंतुवाद्य. ३१४ पर्यंत आलो की तारा फळीवर ताणलेल्या असलेल्या गटात पोचलो. ३१४.१२२ म्हणजे फळीला नाद वाढवणारी पेटी जोडलेली. नंतरचा ४ सांगतो की तारांवर हातोडे पडतात, आणि ८ सांगतो की वाजवायला पट्ट्या आहेत. हातोड्यांची नोंद हरवलेली नाही. ती शेवटी, तिच्या जागी आली आहे. हार्मोनियमलाही पट्ट्या आहेत, पण आत भात्याची हवा आणि तिच्या वाटेतली धातूची पाती कंप पावतात, म्हणून तो थेट वायुवाद्यांत जातो. मुलांना दोन्ही वाद्यं आतून उघडून दाखवता आली तर या सगळ्या क्रमांकांची गरजही उरणार नाही.

प्रश्न : गोंगाट हा आवाजाचा एक प्रकार मानावा का?

उत्तर : कोण विचारतंय त्यावर आहे. भौतिकशास्त्रात ज्याच्या लहरींना नियमित आवर्तन नाही तो गोंगाट. अभियंत्यासाठी हव्या असलेल्या संदेशात मिसळणारं काहीही. कायद्यात आणि आरोग्यात नको असलेला आवाज, मग तो अगदी सुरेल का असेना. पहिल्या अर्थाने तो प्रकार आहे, आणि त्याचे पोटप्रकारही आहेत: व्हाइट नॉइजमध्ये प्रत्येक हर्ट्झला सारखी शक्ती, पिंक नॉइजमध्ये प्रत्येक सप्तकाला सारखी. लुईजी रुस्सोलो या इटालियन चित्रकाराने १९१३ मध्ये गोंगाटाची सहा कुटुंबं सांगितली. त्यातली पहिली चार कानाला कसं वाटतं त्यावर, पाचवं धातू, लाकूड, कातडं, दगड अशा ज्यांवर आघात होतो त्या पदार्थांवर, आणि सहावं प्राणी व माणसांच्या कंठावर बेतलेलं आहे. त्याचं धाडस मला फार आवडतं, पण पियानोचा गोंधळ तिथेही आहेच.

प्रश्न : मुलगा नुकताच अक्षरं शिकतोय. 'क नंतर ख का?' असं सारखं विचारतो. याला काही कारण आहे का?

उत्तर : आहे, आणि ते त्याला तोंडात जाणवेल असं आहे. क, च, ट, त, प ही पाच अक्षरं ओळीने म्हणायला सांगा. जीभ घशाजवळून टाळूला, टाळूवरून दातांकडे येते आणि शेवटी ओठ मिटतात. आवाज तोंडाच्या आतून बाहेर चालत येतो. मग क, ख, ग, घ, ङ आडवे म्हणायला सांगा आणि त्या वेळी एक हात गळ्यावर, दुसरा ओठांसमोर धरायला सांगा. ख आणि घ म्हणताना ओठांसमोरच्या हातावर हवेचा जोरदार झोत येईल, ग आणि घ म्हणताना गळा थरथरेल, आणि ङ म्हणताना हवा नाकातून जाईल. जागा एका दिशेने आणि प्रयत्न दुसऱ्या दिशेने असा हा पाच गुणिले पाचचा तक्ता आहे, म्हणून कोणत्याही स्पर्शव्यंजनाचं घर लगेच सांगता येतं. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीचा व्यंजनांचा तक्ताही जागा आणि प्रयत्न अशाच दोन दिशांनी मांडलेला असतो. 'चार' मधला च आणि 'चाक' मधला च वेगळे आहेत हेही त्याला ऐकवा. तक्ता संस्कृतसाठी बेतलेला असल्यामुळे मराठीतल्या या दुसऱ्या 'च'ला त्यात स्वतंत्र घर मिळालेलं नाही. मुलं हे मोठ्यांच्या आधी पकडतात.

प्रश्न : निवृत्तीनंतर परिसराचे आवाज रेकॉर्ड करायचा छंद लागला आहे. एकाच फाइलमध्ये वारा, पक्षी, कीटक, रहदारी सगळंच असतं. याचं वर्गीकरण कसं करावं?

उत्तर : तुमची फाइल म्हणजे एक वस्तू नाही, एक जागा आहे, त्यामुळे वस्तूंचे वर्ग तिला लागू करू नका. बर्नी क्राउस या अमेरिकन ध्वनिसंग्राहकाची तीन भागांची विभागणी सुरुवातीला पुरेल: वारा-पाण्यासारखे भूमीचे आवाज, सजीवांचे आवाज आणि माणसाने निर्माण केलेले आवाज. स्पेक्ट्रोग्राम काढून बघा, म्हणजे काळ आडवा आणि पट्टी उभी असं आवाजाचं चित्र. कीटक बहुतेक वेळा वरच्या बाजूला सलग पट्ट्यांसारखे दिसतात, पक्षी लहान-मोठ्या रेघोट्यांसारखे आणि रहदारी तळाशी दाट साचलेली. क्राउस यांचं म्हणणं असं की धक्का न लागलेल्या अधिवासात निरनिराळ्या प्रजाती आपापली पट्टी आणि वेळ वाटून घेतात. हे गृहीतक सगळीकडे लागू पडतं की नाही यावर अभ्यासकांत वाद आहे, पण त्या नजरेने चित्र बघितलं की कान तयार होतो.

दुसरी मांडणी कॅनडाचे संगीतकार मरी शेफर यांची (वरच्या पिएर शेफेरशी यांचा काही संबंध नाही). सतत असल्यामुळे ऐकूच येईनासा झालेला आवाज म्हणजे कीनोट, लक्ष वेधून घेणारा तो सिग्नल, आणि त्या जागेचीच ओळख असलेला तो साउंडमार्क. ही वर्गवारी ऐकणाऱ्या माणसाची आहे, म्हणून शेजाऱ्यांनाही विचारा. तुमचा कीनोट नव्याने राहायला आलेल्या माणसासाठी सिग्नल असतो. हे सगळं नोंदवून ठेवलं तर पुढे बदल कळतात. मात्र तुलना करायची असेल तर जागा, वेळ आणि रेकॉर्डरची पातळी दर वेळी तीच ठेवा.

प्रश्न : ताई, मी संगणकशास्त्र शिकतो. आवाज ओळखणारं मॉडेल बनवतोय. ड्रायर, व्हॅक्युम क्लीनर आणि इंजिन यांत ते सारखं गोंधळतं. लेबलं कमी करू की वाढवू?

उत्तर : आधी तू स्वतः हेडफोन लावून त्या फाइली नाव न बघता ऐक. तुलाही ओळखता येत नसेल तर दोष मॉडेलचा नाही. तिन्हींत मोटर किंवा इंजिनाचा सलग सूर आहे आणि त्यावर हवेचा झोत किंवा खरखर. अशा वेळी 'मोटरसारखा सलग आवाज' हे वरच्या पातळीचं लेबल ठेव आणि नेमकं उपकरण त्याच्याखाली. खात्री नसेल तेव्हा मॉडेलला वरच्या पातळीवर थांबता आलं पाहिजे.

गूगलने २०१७ मध्ये खुला केलेला ऑडिओसेट हा लेबल लावलेल्या आवाजांचा संच बघितला असशीलच. त्यात ६३२ वर्गांचा वृक्ष आहे आणि दहा-दहा सेकंदांचे वीस लाखांहून जास्त तुकडे. सगळ्यांत वरच्या सात शाखांत माणूस, प्राणी, संगीत, वस्तू, निसर्ग यांच्यासोबत उगम सांगता न येणाऱ्या आवाजांचीही एक शाखा आहे. यंत्रासाठीसुद्धा 'कसा' हे घर बांधावंच लागलं. आणि एका तुकड्याला एकापेक्षा जास्त लेबलं देता येतात, तीही सोय तू ठेव, कारण खऱ्या जगात व्हॅक्युम क्लीनर चालू असताना कुत्रा भुंकतोच. फक्त हे लक्षात घे की त्यातली बहुतेक लेबलं 'या दहा सेकंदांत कुठेतरी हा आवाज आहे' एवढंच सांगतात, नेमका कधी ते नाही. लहान आवाज शोधायचे असतील तर सुरुवात-शेवटाच्या वेळा तुलाच नोंदवाव्या लागतील.

लेबल लावायला दोन माणसं बसव, एकमेकांशी न बोलता. जिथे दोघांचं जमत नाही त्या फाइली फेकू नकोस, तिथेच तुझ्या वर्गांच्या व्याख्या सैल आहेत. आणि चाचणीसाठी तुकडे वेगळे काढताना एका लांब रेकॉर्डिंगचे सगळे तुकडे एकाच बाजूला ठेव, एकतर मॉडेलला शिकवण्याच्या नाहीतर चाचणीच्या. अर्बनसाउंड८के या ८,७३२ तुकड्यांच्या संचात दहा भाग आधीच पाडून दिले आहेत, आणि ते पुन्हा पिसू नका असं संच बनवणाऱ्यांनी बजावून ठेवलंय. एकाच रेकॉर्डिंगचे तुकडे दोन्हीकडे गेले तर मॉडेल त्या खोलीचा घुमारा आणि त्या मायक्रोफोनची खरखर पाठ करतं, आणि चाचणीत भरमसाट गुण मिळवतं. तुझे आत्ताचे गुण या पद्धतीने पुन्हा काढ, मग लेबलांचं ठरव.